पडद्यावरचा रंग, कागदावरचा रंग

आपल्या व्यापारी घरांत रंगाची पारख ही पूर्वी कापडाच्या दुकानापुरती बाब होती. आता लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, भांड्यांची खोकी, दुकानाचा फलक या सर्वांची चित्रे संगणकावर तयार होतात. पुष्कळदा ती करणारी व्यक्ती घरातीलच असते; महाविद्यालयात जाणारी मुलगी, नवी सून किंवा धाकटा भाऊ. वडीलधाऱ्यांना या कामामागील हिशेब ठाऊक नसल्याने ते पोरखेळ म्हणून हिणवले जाते आणि छपाई बिघडली की सारा दोष त्या मुलांच्या माथी येतो.

भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचा मोठा व्यवसाय आहे. त्या व्यवसायातील एका परिचित कुटुंबात हेच घडले. डब्यांच्या खोक्यांसाठी मुलीने पडद्यावर झगझगीत पोपटी रंग योजला आणि सर्वांनी तो पसंत केला. छापून आलेली खोकी मात्र शेवाळी, विझलेली दिसत होती. वडिलांनी मुद्रकाला दोष दिला, मुद्रकाने फाइलला. बिल अडले आणि अनेक वर्षांचा संबंध तुटायची वेळ आली. वास्तविक दोन्ही पक्ष सचोटीचे होते. एकाच रंगाचे निरनिराळे हिशेब असतात, एवढेच कोणी ध्यानात घेतले नव्हते.

पहिला हिशेब प्रकाशाचा. पडद्यावरील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांनी उजळतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली याच तीन प्रकाशांच्या मेळातून एका रंगीत फितीचे छायाचित्र पडद्यावर दाखवले होते. संगणकात सामान्यतः प्रत्येक प्रकाशाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्ही रकान्यांत शून्य म्हणजे काळा, तिन्हींत २५५ म्हणजे पांढरा. २५६ ला तीनदा घेऊन गुणाकार केला, तर १,६७,७७,२१६ रंग होतात. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही तीन रकान्यांची खतावणी चटकन उमगते. पण एवढ्या रंगांतून नेमका एक निवडावा कसा, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगचक्र दिलेले असते. त्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात : रंगाचे नाव, त्याची तीव्रता आणि त्याचा उजळपणा. नवशिका नावापाशी थांबतो. पाणी म्हणजे निळे, झाड म्हणजे हिरवे. भाईंदरच्या खाडीकडे भरतीच्या वेळी जरा निरखून पाहावे. पाणी बहुधा मातकट असते आणि आभाळ उतरते तिथेच रुपेरी होते. स्टीलच्या तांब्याचेही तसेच आहे. करडा रंग घेऊन तो रंगवला, तर सिमेंटचा तांब्या तयार होतो. स्टीलला स्वतःचा ठळक रंग नाही. ते भोवतालचे प्रतिबिंब धरते. जवळजवळ काळ्या पट्ट्याला लागूनच जवळजवळ पांढरा पट्टा आला आणि शेजारच्या लाल कापडाची एक अस्फुट रेघ उमटली, की तांब्या चमकू लागतो.

म्हणून उजळपणा आधी ठरवावा, नाव मागाहून. तो तपासण्याची सोपी युक्ती अशी : चित्रावर पांढऱ्या रंगाचा एक थर घालून त्याची मिश्रणपद्धत ‘कलर’ अशी ठेवावी. खालचे चित्र तत्काळ कृष्णधवल दिसते. तरीही आकार स्पष्ट कळत असतील, तर पाया पक्का आहे. नंतर तो थर काढून टाकावा.

शेजाराचाही विचार हवा. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडल्याच्या तक्रारी येत. धागा निर्दोष होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता. त्यांनी यावर १८३९ साली मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. संगणकावरही कोऱ्या पांढऱ्या पानावर निवडलेला रंग चित्र भरत गेल्यावर निराळा वाटतो. मध्यम करड्या पार्श्वभूमीवर निवड करणे अधिक सुरक्षित.

आता मिश्रणाकडे वळू. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हे शाळेतले मूलही सांगेल. संगणकाला मात्र ते मान्य नाही. पिवळ्याचे आकडे २५५, २५५, ०; निळ्याचे ०, ०, २५५. दोहोंची सरासरी काढली, तर तिन्ही रकान्यांत सुमारे १२८ येतात, म्हणजे निव्वळ करडा! खरा रंग प्रकाशाचा काही भाग शोषतो आणि काही विखुरतो. त्याचे गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली मांडले. त्याच्या आधारे चेक संशोधकांनी २०२१ मध्ये ‘मिक्सबॉक्स’ ही पद्धत सिद्ध केली. ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निळ्या-पिवळ्याचा हिरवा होतो. ती सोय नसेल, तर मधला हिरवा स्वतः निवडून ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे यावे. ‘क्रिटा’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलची कळ दाबून चित्रातील कोणताही रंग पुन्हा कुंचल्यावर उचलता येतो. दोन रंगांच्या सीमेवर मिसळलेली छटा अशी उचलत गेल्यास चित्राला एकजिनसीपणा येतो.

कोट्यवधी रंग हाताशी असले, तरी वापरावेत मोजकेच. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या पाहाव्यात. लाल पार्श्वभूमी, निळा, सोने, पांढरा, काळा असा आटोपशीर मेळ. पण शतके लोटली तरी पान नजर धरून ठेवते.

शेवटचा हिशेब शाईचा. छापखान्यात प्रकाश नसतो. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकीवर एक बसतात. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. एकावर एक ठसे घेत देवादिकांची चित्रे पूर्ण होत. संगणकातील थर आणि त्यांची ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणपद्धत काहीशी त्याच जातीची आहे : वरचा रंग खालच्याला गडद करतो, उजळ कधीच करत नाही. प्रकाशाचे अनेक झगझगीत रंग या चार शायांच्या आवाक्यात येतच नाहीत. तो पोपटी रंग त्यांपैकीच होता.

हे उमगल्यावर त्या कुटुंबाने मुद्रकाबरोबर बसून नुकसान अर्धे-अर्धे वाटून घेतले. पुढच्या खेपेस मुलीने आधी मुद्रकाकडून छपाईचे प्रोफाइल मागवले, क्रिटातील ‘सॉफ्ट प्रूफिंग’ने रंग पडद्यावर पडताळला आणि ठरलेल्या कागदावर छापील नमुना मागितला. नमुन्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. सोन्याचा कस आपण कसोटीवर पाहतो, तशी ही रंगाची कसोटी. तिचा खर्च अल्प आणि तिने टळणारे भांडण मोठे.

घरात कोणी संगणकावर चित्र काढत असेल, तर वडीलधाऱ्यांनी कधी शेजारी बसून दोन प्रश्न विचारावेत : हे चित्र शेवटी कुठे दिसणार, पडद्यावर की कागदावर? आणि कृष्णधवल केले तर ते कळते का? उत्तर देताना मुलांना आपल्या कामाचा हिशेब मांडावा लागेल आणि आपल्यालाही समजेल, की हा हिशेब आपल्या चोपडीतल्या हिशेबाइतकाच काटेकोर आहे.