गाडी दारात, नाव दुसऱ्याचे

शिरूर-दौंडकडच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही एखादी जुनी गाडी उभी दिसते. कुठे महिंद्राची जीप, कुठे राजदूत फटफटी, क्वचित फियाट. टायर बसलेले, टपावर कोंबड्या. पण इंजिनात अजून दम आहे असे मालक सांगतो. मालक म्हणजे ज्याच्या दारात ती उभी आहे तो. कागद मागितला की तो म्हणतो, "वडिलांनी घेतली होती. कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागेल." सगळी गोम या 'बघावं लागेल'मध्ये आहे.

आपल्याकडे गाडीचा कागद म्हणजे नोंदणीचे पुस्तक, आर. सी. बुक. अमेरिकेत मालकीचा कागद निराळा आणि नोंदणीचा निराळा असतो. आपल्याकडे एकाच पुस्तकावर दोन्ही कामे भागवावी लागतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायचे तर सातबाऱ्याइतका चांगला दाखला नाही. जमीन विकत घेतली, पैसे मोजले, पण फेरफार झाला नाही, तर तलाठ्याच्या दप्तरी जुनेच नाव चालते. गाडीचेही तसेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, अशीच व्याख्या आहे. स्टँपपेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या म्हणजे काम झाले, ही समजूत खोटी आहे.

आणि यात तोटा केवळ घेणाऱ्याचा नाही बरे का! २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे ती आणखी हातांत गेलेली, आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. दप्तरात नाव मात्र पहिल्याच माणसाचे. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. तेव्हा ज्यांनी गाडी कधीकाळी विकून टाकली आहे, त्यांनीही हे कान देऊन ऐकावे. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत, असा नियम आहे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे दोन अर्ज.

आता पुस्तकच सापडत नसेल तर? आधी गाडी धुऊन काढा. चासीवर ठोकलेला क्रमांक शोधा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा उतरवून घ्या. इंजिनाचा क्रमांकही तसाच. आकडा गंजून पुसट झाला असेल तर गॅरेजवाल्याकडून नवा ठोकून घेऊ नका; चोरीच्या गाडीची पहिली खूण तीच समजतात. मग पाटी पाहा. 'एम. एच.' आणि दोन आकडे अशी पाटी असेल तर गाडीची नोंद १९८९ नंतरच्या पद्धतीची. तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडा असेल तर त्याआधीची, आणि तिची मूळ नोंद हाती लिहिलेल्या रजिस्टरात. दौंडकरांनी इथे एक लक्षात ठेवावे. आज दौंडच्या गाड्या बारामतीच्या ४२ क्रमांकात येतात, पण ते कार्यालय अलीकडचे. आजोबांच्या वेळची जीप पुण्याच्या दप्तरात शोधावी लागेल. शिरूरची तर पुण्याकडेच, १२ क्रमांकात.

नोंद सापडली म्हणजे निम्मे काम झाले. पुस्तक हरवल्याची खबर पोलीस ठाण्यात द्यायची, तिची प्रत जोडून नमुना २६ वर दुय्यम पुस्तक मागायचे. जुनी गाडी संगणकात चढलेलीच नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते. याला फेऱ्या पडतात, खोटे कशाला सांगू!

मूळ मालक वारला असेल तर सरळ तुमच्या नावावर उडी मारता येत नाही. आधी वारसाच्या नावावर, नमुना ३१ ने. बाकीच्या वारसांची संमती त्यात आली. मग वारसाकडून तुमच्याकडे. वारसनोंदीशिवाय खरेदीचा फेरफार होत नाही, तसेच हे. पुस्तकात बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ लागतो. कर्ज फिटून वीस वर्षे झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा.

सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीची वाट निराळी आहे. तिथे लिलावाचा कागद हाच आधार, आणि अर्ज नमुना ३२ चा.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम केले. अंगचे रूप फारसे न बदललेल्या गाडीला वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते. हौशी माणसाला हे ठीक. पण अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. दौंडच्या बाजारात कांदा घेऊन जायचे तर ही वाट उपयोगाची नाही. शिवाय गाडी पूर्वी इथे नोंदलेली असेल तर जुने पुस्तक इथेही मागतातच.

आणि ज्या गाडीचा क्रमांक कुठल्याच दप्तरात सापडत नाही, विकणाराही सापडत नाही, तिच्यासाठी एजंट कितीही भरवसा देवो, पैसे मोजू नका. ती अंगणातच बरी.

नाव लागल्यावरही थोडे उरते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे नमुना २५ वर अर्ज करून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांनी ती वाढवायची. मोटारीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढली. वर पर्यावरण कर, मागचा काही कर राहिला असेल तर तो, आणि विमा. हा हिशेब कागदाला हात घालण्याआधीच वहीत मांडावा. पुष्कळदा जीपच्या किमतीपेक्षा तो मोठा निघतो. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीचे पुस्तकही त्याच वेळी काढून पाहावे, तिची नोंद स्वतंत्र असते.