पक्षाघातात पहिले साडेचार तास निर्णायक. जवळच्या नव्हे, सुसज्ज रुग्णालयात जाणे महत्त्वाचे

पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला सर्वांत जवळच्या दवाखान्यात नेले जाते. मात्र तेथे सीटी स्कॅनची सोय नसेल, तर मुख्य उपचार सुरूच करता येत नाहीत. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा आल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आधी स्कॅन का?
बहुतांश रुग्णांमध्ये गुठळीमुळे रक्तवाहिनी बंद होते, तर काहींमध्ये ती फुटून रक्तस्राव होतो. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखीच असतात. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात मात्र जीवघेणे ठरू शकते. त्यामुळे घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

उपचारांची वेळमर्यादा
अल्टेप्लेस किंवा टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण झोपेतून लक्षणांसह उठल्यास, तो शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून वेळ मोजली जाते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे बाहेर काढण्याची प्रक्रिया सहा तासांपर्यंत, तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत करता येते.

स्ट्रोक युनिटचे महत्त्व
या विशेष कक्षात मेंदूविकारतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, भौतिकोपचार आणि वाचा-उपचार तज्ज्ञ एकत्रितपणे काम करतात. गिळण्याची क्षमता तपासल्याशिवाय रुग्णाला पाणीही दिले जात नाही. कारण ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

दुर्गम भागांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आसाममध्ये फिरत्या स्ट्रोक युनिटचा प्रयोग केला. वाहनातच सीटी स्कॅन, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञांचा दूरस्थ सल्ला उपलब्ध असल्याने रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच उपचार सुरू होऊ शकतात.

प्रतिबंध
उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण असून ते टाळता येण्याजोगे आहे. मधुमेह, तंबाखू आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांमुळेही धोका वाढतो. काही मिनिटांत आपोआप ओसरलेली लक्षणे हा मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो; अशा वेळी त्याच दिवशी तपासणी आवश्यक आहे.

काय करावे?
चेहरा वाकडा होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ नोंदवावी आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चोवीस तास उपलब्ध असलेले रुग्णालय आपल्या परिसरात कोणते, याची माहिती प्रत्येक कुटुंबाने आधीच घेऊन ठेवणे हिताचे आहे.