कसोटी सोनाराची कीं सरकारची?

सरकारनें प्रजेच्या उद्योगधंद्यांत हात घालावा कीं घालूं नये, हा वाद फार जुना आहे. आणि तो नुसत्या तत्त्वांच्या भाषेंत चालविला म्हणजे दोन्ही पक्षांस आपलेंच खरें वाटतें. एक पक्ष म्हणतो, व्यापारी मोकळा सोडला कीं तो ग्राहकाची मान कापतो. दुसरा म्हणतो, सरकारी अंमलदार मोकळा सोडला कीं तो दोघांचीही कापतो. अशा वादाचा निकाल लागावयाचा तर एखादा प्रत्यक्ष निर्बंध हातीं घ्यावा, तो कां घातला, त्यानें कोणाचें काय झालें आणि अखेरीस पदरांत काय पडलें, याचा जमाखर्च मांडावा. असा एक निर्बंध आपल्या देशानें सत्तावीस वर्षें पोसला व मग स्वतःच्याच हातानें मोडून टाकला. त्याचें खातें आतां बंद झालें असल्यामुळें तें कोणासही उघडून पाहतां येईल. आम्ही सुवर्णनियंत्रणाविषयीं बोलत आहों.

ऑक्टोबर १९६२ मध्यें चीननें उत्तर सीमेवर स्वारी केली आणि त्या महिन्याच्या २६ तारखेस राष्ट्रपतींनीं आणीबाणी पुकारली. शस्त्रास्त्रें परदेशांतून आणावयाचीं तर परकीय चलन पाहिजे, आणि तें तर तिजोरींत बेताचेंच. इकडे सोन्याची आयात कायद्यानें बंद असतांही गलबतांतून व प्रवाशांच्या अंगरख्यांतून सोनें येतच होतें. याचें कारण समजण्यास मोठें अर्थशास्त्र नको. जगाच्या बाजारांत सोन्याचा अधिकृत भाव औंसास ३५ डॉलर होता. डॉलरास सुमारें पावणेपांच रुपये या त्या वेळच्या दरानें तोळ्यास साडेबासष्ट रुपये होत. मुंबईच्या झवेरी बाजारांत त्याच तोळ्यास जवळजवळ दुप्पट पैसे मोजावे लागत. एवढा नफा समोर दिसत असतां समुद्र कोणास अडवील?

या रोगावर अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनीं जानेवारी १९६३ मध्यें जें औषध काढलें तें असें, कीं भारतसंरक्षणाच्या नियमांखालीं चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना कोणी घडवूं नये. बावीस कॅरटांच्या सोन्यांत शंभरांत सुमारें साडेएक्याण्णव भाग सोनें असतें. चौदा कॅरटांत अठ्ठावन, बाकीचें तांबें व रुपें. असला दागिना कोणास आवडणार नाहीं, म्हणून मागणी उतरेल. मागणी उतरली कीं भाव उतरेल. भाव उतरला कीं चोरटा व्यापार आपोआप बसेल, असा हा हिशेब होता. कागदावर त्यांत चूक काढणें कठीण. मोरारजीभाईंच्या हेतूविषयींही आम्हांस शंका नाहीं. ते निग्रही गृहस्थ होते व लोकांनींही निग्रही व्हावें असें त्यांस मनापासून वाटे. मुंबई राज्यांतील दारूबंदीचेही ते कट्टर पुरस्कर्ते होते. परंतु दारूचा पेला आणि लेकीच्या गळ्यांतील मंगळसूत्र हीं एकाच माळेंत ओवतां येत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

ज्या स्त्रियांवर हा निर्बंध प्रथम जाऊन आदळला, त्यांनींच दोन-तीन महिन्यांपूर्वीं राष्ट्रीय संरक्षण निधीसाठीं आपल्या हातांतील बांगड्या व गळ्यांतील सर उतरवून दिले होते. कोणी हुकूम केला नव्हता, कीं झडती घेतली नव्हती. मागितल्यावर ज्यांनीं दिलें, त्यांस पुढच्याच जानेवारींत सरकारनें सांगितलें, कीं तुमची हौस हाच देशाचा तोटा. पाटल्या, गोठ, ठुशी, नथ यांस हौस म्हणणाऱ्यानें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायांस एकदां विचारून पहावें. हिंदु स्त्रीस १९५६ च्या वारसा कायद्यापूर्वीं वारशानें आलेल्या इस्टेटीवर पूर्ण मालकी मिळत नसे. निर्वेधपणें तिचें असें जें कांहीं होतें तें स्त्रीधन, आणि स्त्रीधनाचा मुख्य भाग म्हणजे अंगावरचें सोनें. नवरा वारला, पीक बुडालें, दुकान बसलें, म्हणजे पेढीवर गहाण पडतें तें हेंच. ज्या गांवीं बँक नव्हती त्या गांवीं ही बाईची बँक होती. त्या बँकेंतील नाण्याचा कस सरकारनें परस्पर उतरवून टाकला.

आणि सोनाराचें काय झालें? त्याचा हात, त्याची फुंकणी, त्याचीं हत्यारें हीं सारीं मऊ सोन्याच्या कामास सरावलेलीं. अधिक तांबें मिसळलेलें सोनें कठीण होतें. जुनें बारीक काम त्यावर पूर्वींसारखें उठत नाहीं. आणि उठलें तरी घेतो कोण? गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या भट्ट्या थंड पडल्या. देशाच्या निरनिराळ्या भागांत सोनारांनीं आत्महत्या केल्याच्या वार्ता येऊं लागल्या व त्यांची चर्चा संसदेंत झाली. मग सरकारनें विस्थापित सोनारांकरितां कर्जें, मुलांच्या शिक्षणास मदत, नोकरींत वयाची सवलत अशा सोयी काढल्या. ज्याची रोजी आपणच बुडविली त्यास आपणच सदावर्त घालावयाचें, हा राज्यकारभाराचा एक विलक्षण मासला आहे. चाळीस वर्षांच्या कारागिरानें हातोडी टाकून कचेरींत पट्टेवाला व्हावें, यांत देशाचा लाभ कोणता, हें कोणीच सांगितलें नाहीं. गलबतवाला मात्र सुखरूप होता. त्यास ना परवाना लागे, ना वही. त्याच्या मालाचा कस चोवीस कॅरटांचा. चोर सोडून संन्याशास सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

येथें एका कायद्याच्या मुद्द्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, कारण व्यापारी वर्ग अशा मुद्द्यांकडे नेहमीं वकिलांचें काम म्हणून पाहतो व मागाहून पस्तावतो. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास हवा तो धंदा, व्यापार वा व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यावर सरकारनें घालावयाचे निर्बंध वाजवी व सार्वजनिक हिताचे असले पाहिजेत अशी अट घातली आहे. मग १९६३ चा नियम न्यायालयांत कां टिकला? कारण घटनेच्या ३५८ व्या कलमाप्रमाणें आणीबाणी चालू असेपर्यंत १९ वें कलम निजलेलें असतें. चीनचें सैन्य नोव्हेंबर १९६२ मध्येंच थांबलें. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. लढाई महिनाभराची आणि हक्कांची निद्रा पांच वर्षांहून अधिक! चौदा कॅरटांची अट १९६६ सालीं उठली खरी, पण परवाने, दाखले व तपासनीस मागें राहिलेच.

आणीबाणी उठली तेव्हां हें सारें ढासळावयास पाहिजे होतें. तसें होऊं नये म्हणून जून १९६८ मध्यें वटहुकूम निघाला व त्याच वर्षीं सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला. युद्धाच्या नांवानें आलेला पाहुणा शांततेंत घरजांवई होऊन बसला. सराफास परवाना, सोनारास दाखला आणि दोघांसही सोन्याच्या वह्या. खाजगी माणसानें लगड जवळ बाळगावयाची नाहीं. दागिन्यांचें वजन एका माणसाकडे दोन हजार किंवा कुटुंबाकडे चार हजार ग्रॅमांहून अधिक असेल तर सरकारास लेखी कळवावयाचें. ही मर्यादा मोठी होती आणि आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच तिची झळ लागली असेल, हें आम्ही कबूल करतों. परंतु घरांतील पेटीवर सरकारची नजर असावी हें एकदां मान्य झालें, म्हणजे मर्यादा किती याचा हक्क आपल्याकडे उरत नाहीं.

हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यांत १९६९ सालीं न्यायालयानें जो निकाल दिला तो प्रत्येक व्यापाऱ्यानें समजून घेण्यासारखा आहे. सोन्यावर नियंत्रण घालण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयानें मान्य केला. सोनारकाम हातकाम असलें तरी तें उद्योगच होय, असेंही ठरविलें. पण परवाना देतांना अंमलदारानें काय पहावें, या कलमापाशीं न्यायालय थांबलें. त्या भागांतील दागिन्यांची संभाव्य मागणी, अर्जदाराची योग्यता, सार्वजनिक हित, असे शब्द तेथें होते. संभाव्य मागणी कोण मोजणार व कशानें? योग्यता म्हणजे काय? या शब्दांस कांहीं मापच नाहीं, आणि माप नाहीं तेथें अंमलदाराची मर्जी हाच कायदा होतो, अशा आशयानें तें कलम व आणखी कांहीं कलमें न्यायालयानें रद्द ठरविलीं. सरकारनें त्याच वर्षीं कायद्यास ठिगळें लावलीं आणि तो पुढें आणखी एकवीस वर्षें चालला.

एवढ्यानेंही भागलें नाहीं. एक निर्बंध निष्फळ झाला म्हणजे त्यास टेकू म्हणून दुसरा लागतो. सोनें मुंबईच्या व कोंकणच्या किनाऱ्यावर उतरतच राहिलें, तस्करीचीं मोठमोठीं साम्राज्यें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या बंदोबस्तास १९७४ सालीं कोफेपोसा नांवाचा कायदा आला. त्यांत आरोप शाबीत करण्याची गरज नाहीं. सरकारास पटलें कीं माणूस वर्षभर स्थानबद्ध. रौलेट कायद्याविरुद्ध १९१९ सालीं ज्या देशानें हरताळ पाळला, त्या देशानें सोन्याच्या लगडीपायीं विनाचौकशी कैद आपल्या हातानें कायद्यांत लिहिली. पुढें १९७६ सालीं तस्करांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला. त्याची व्याप्ति नातेवाईक व साथीदारांपर्यंत आहे, आणि मालमत्ता सचोटीची आहे हें दाखविण्याचा भार ज्याची ती मालमत्ता त्याच्यावर. तस्करांविषयीं आम्हांस तिळमात्र कळवळा नाहीं. पण ज्या नफ्यावर तस्कर पोसला गेला तो बंदीनेंच निर्माण केला होता, आणि त्याचें प्रायश्चित्त म्हणून प्रत्येक नागरिकाचें स्वातंत्र्य कमी करण्यांत आलें.

कोणी म्हणेल, हा संपादक खुल्या व्यापाराचा भाट झाला. तसें नाहीं. खुल्या व्यापाराच्या नांवाखालीं परक्या सरकारनें या देशास कसें लुटलें हें आम्ही विसरलों नाहीं. १८९६ सालीं लँकेशायरच्या समाधानासाठीं आमच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविला गेला, तो निघावयास १९२५ साल उजाडलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत जसेच्या तसे आपल्याकडे लावूं नयेत असें बजावलें, तें योग्यच होतें. सरकारनें जकात बसवावी, बाल्यावस्थेंतील धंद्यास आधार द्यावा, लबाडास शिक्षा करावी. सोनाराच्या लबाडीचा बंदोबस्त तर कौटिल्यापासून चालत आला आहे. अर्थशास्त्रांत सोनें चोरण्याच्या युक्त्यांची जी यादी आहे ती वाचून आजचा सराफही कानाला हात लावील. विकणाऱ्यानें खोटें बोलूं नये हें पाहणें सरकारचें कामच आहे. घेणाऱ्यानें काय इच्छावें, हें ठरविणें त्याचें काम नाहीं.

हा भेद किती व्यवहार्य आहे याचें प्रत्यंतर पुढच्या इतिहासांतच मिळतें. ६ जून १९९० रोजीं सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला. त्या वेळीं अर्थमंत्री होते मधु दंडवते. त्यांचा राजापूर मतदारसंघ कोंकण किनाऱ्यावरचा. कायद्याचा हेतु साधला नाहीं व लहान कारागिरांस मात्र त्रास व जाच झाला, हें सरकारनें रद्द करण्याच्या विधेयकाबरोबर स्वतःच लिहून दिलें. १९९२ सालीं परदेशीं राहून येणाऱ्या भारतीयांस जकात भरून पांच किलोपर्यंत सोनें आणण्याची मोकळीक मिळाली, आणि पोलिसांस जें तीस वर्षें साधलें नाहीं तें बहुतांशीं एका माफक जकातीनें साधलें. पण सरकारची स्मरणशक्ति अधू. २०१३ सालीं चलनाची ओढ लागतांच जकात दहा टक्क्यांवर नेली, आणलेल्या सोन्याचा पांचवा हिस्सा निर्यात केलाच पाहिजे अशी अट घातली, आणि विमानतळांवर सोनें पकडल्याच्या बातम्या पुन्हां रोजच्या झाल्या. ती अट २०१४ सालीं निघाली. जकात २०२२ मध्यें पंधरा टक्क्यांपर्यंत चढून जुलै २०२४ मध्यें सहावर उतरली.

उलट बाजूस हॉलमार्क पहा. १६ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षरांचा ओळखक्रमांक लागतो. बावीस कॅरट विका, अठरा विका, चौदा विका. जें असेल तें छापा. लहान दुकानदारास त्याची कटकट आहे व त्या तक्रारी ऐकल्या पाहिजेत; पण या निर्बंधानें फसविणाऱ्याखेरीज कोणाचा हक्क गेला नाहीं. आणि गंमत अशी, कीं दहा ग्रॅमांचा भाव लाखापलीकडे गेल्यावर आज चौदा कॅरटांचे दागिने लोक आपण होऊन घेतात. जुलै २०२५ पासून तर नऊ कॅरटांसही हॉलमार्क मिळूं लागला. बंदुकीच्या जोरावर जें सोनारास विकतां आलें नाहीं तें भावानें विकलें, आणि त्यापायीं कोणास भट्टी विझवावी लागली नाहीं.

राहतां राहिले टेकू. मूळ भिंत १९९० सालीं पडली, तरी ते उभेच आहेत. विनाचौकशी स्थानबद्धतेचा १९७४ चा कायदा आहे. आणि १९६२ च्या कस्टम कायद्याचें १२३ वें कलमही आहे, ज्याप्रमाणें चोरटें असल्याच्या वाजवी समजुतीवरून जप्त केलेलें सोनें चोरटें नाहीं हें शाबीत करण्याचा बोजा ज्याच्या जवळ तें सांपडलें त्याच्यावर पडतो. आजीच्या पाटल्या आटवून केलेल्या लगडीची पावती कोणाच्या घरांत असते? २०१६ सालीं एक टक्का उत्पादनकराविरुद्ध सराफांनीं सुमारें सहा आठवडे दुकानें बंद ठेविलीं होतीं. त्या एकीचा शतांश तरी या दोन कायद्यांकडे वळवून शहरोशहरच्या सराफ संघांनीं आपापल्या खासदारांकडे लेखी अर्ज धाडावेत, आणि त्यांत जकात कमी करण्याची मागणी या खेपेस मुळींच घालूं नये.