हिमाखालचा वसंत

झाडे लावावयाची ती पावसाळ्याच्या तोंडावर, असा आपल्याकडील सर्वसाधारण परिपाठ आहे. काश्मीरमधील माळी मात्र वसंतातील फुलांची लागवड हिवाळ्याच्या तोंडावर करतो. श्रीनगर येथे दल सरोवराच्या जवळ, झबरवान पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे 30 हेक्टर उतारावर ट्यूलिप फुलांची बाग आहे.  मार्चअखेर तेथे लाल, पिवळ्या, जांभळ्या फुलांचे पट्टे उमलू लागतात. पाहणाऱ्यास ही वसंताची किमया वाटते. परंतु तिची सिद्धता ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच चाललेली असते.

ट्यूलिप कंदापासून वाढते. हा कंद लहानशा कांद्यासारखा दिसतो. लागवडीपूर्वीच त्याच्या पापुद्र्यांच्या आत पुढच्या बहराचे फूल सूक्ष्म रूपाने तयार झालेले असते. तथापि ते उमलण्यास नुसती ऊब पुरत नाही. आधी तीन-चार महिने कडक थंडी मिळावी लागते. थंडीत कंदातील पिठूळ द्रव्याची साखर होते आणि दांडा वाढण्याची तयारी होते. थंडी कमी पडली, तर दांडा खुरटतो किंवा कळी आतच सुकते. 21 डिसेंबरपासून काश्मिरात 40 दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. माणसे त्या काळात कांगडी कवटाळून बसतात. परंतु कंदाला तो काळ हितकारकच असतो.

म्हणून बागेचा आराखडा हिवाळ्यापूर्वी पक्का करावा लागतो. कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर करून लावतात. पाणी साचल्यास तो कुजतो. म्हणून उताराची, निचऱ्याची जमीन निवडतात. एकेका जातीचा बहर थोडेच दिवस टिकतो. यास्तव लवकर, मध्यंतरी व उशिरा फुलणाऱ्या जातींची अशी योजना करतात, की एक पट्टा कोमेजू लागताच दुसरा उमलावा. सर्व कंद जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे कोणता कोठे लावला, याची नोंद ठेवावी लागते. नोंदीत चूक झाली, तर ती वसंतात फूल उमलल्यावरच उघडकीस येते आणि मग सुधारण्यासाठी पुढील हिवाळ्याची वाट पाहावी लागते.

इतके करूनही सारे माणसाच्या हाती नसते. वसंतात ऊन एकाएकी तापले, की सर्व जाती एकदमच फुलतात आणि महिनाभराचा सोहळा लवकर आटोपतो.

मुंबईसारख्या उष्ण शहरात कुंडीत ट्यूलिप फुलवावयाचे असल्यास कंद काही आठवडे शीतकपाटात ठेवून त्याला कृत्रिम हिवाळा द्यावा लागतो. त्याच्याशेजारी सफरचंदे मात्र ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतील कळी मरते.

हिवाळ्यात त्या बागेत गेलेल्या प्रवाशास केवळ बर्फाची पांढरी चादर दिसेल. परंतु माळ्याच्या वहीत मात्र प्रत्येक वाफ्याचा रंग आधीच लिहिलेला असतो.