वंशावळीचा शोध : दफ्तरातून सातपुड्याच्या पायवाटेवर

पाऊस ओसरला, नवरात्र आटोपले की खान्देशात हिंडण्याचे दिवस सुरू होतात. सातपुडा अजून हिरवा असतो आणि डोंगरातले झरे वाहते असतात. शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईत किंवा सुरतेत स्थायिक झालेली यावल परिसरातील कुटुंबे याच सुमारास दिवाळीसाठी गावाकडे निघतात. या प्रवासात तीन-चार दिवसांची भर घातली, तर आपल्या घराण्याचा शोध आणि सातपुड्यातील पदभ्रमण ही दोन्ही कामे एकत्र साधता येतात. ती एकत्र करण्यास कारणही आहे. पूर्वजांची नावे कागदावर सापडतात. पण ते येथेच का स्थिरावले आणि कशावर जगले, हे जमीन पाहिल्याशिवाय उमगत नाही.

आरंभ घरापासून

शोधाची सुरुवात कचेरीत नव्हे, तर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून करावी. जुन्या पिढीला तारखा आठवत नाहीत, प्रसंग मात्र पक्के आठवतात. 'फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा मी पाळण्यात होते,' असे आजी म्हणाली, तर तिचे जन्मसाल १९३६ च्या आसपासचे ठरते. कारण काँग्रेसचे ग्रामीण भागातील ते पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली त्या वर्षीच्या डिसेंबरात झाले. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि १९७२ चा दुष्काळ हेही असेच मैलाचे दगड. मूळ गाव, कुलदैवत, आजीचे व पणजीचे माहेर, शेताचे बोलीतले नाव या चार गोष्टी आधी टिपून घ्याव्यात. पुढचा सारा शोध त्यांच्यावरच उभा राहतो.

वाटेवरची दफ्तरे

मुंबई-आग्रा महामार्गाने येणाऱ्यांना पहिला थांबा नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे घेता येईल. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. श्राद्धविधीसाठी आलेल्या पूर्वजाने सोबतच्या नातलगांची नावे त्यात नोंदवलेली सापडू शकतात. खान्देशातील लेवा पाटीदार, गुजर आदी समाजांच्या वंशावळी भाटांच्या वह्यांतही आहेत. या दोन्ही प्रकारच्या नोंदी प्रामुख्याने पुरुषांच्या वंशाच्या असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पुढे धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये ते स्थापन झाले. आपल्या घराण्याचे नाव तेथे सापडेलच असे नाही. परंतु खान्देशच्या जुन्या कारभाराची ओळख करून घेण्यास याहून चांगली जागा नाही.

ही ओळख आवश्यकच आहे, कारण यावलचा धनी अनेकदा बदलला. शिंद्यांनी १७८८ मध्ये हे गाव निंबाळकरांना दिले. नदीकाठचा किल्ला आजही निंबाळकरांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या काळात यावल जाड्याभरड्या देशी कागदासाठी व निळीसाठी प्रसिद्ध होते, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. १८४३ मध्ये गाव इंग्रजांकडे गेले. १८८० च्या गॅझेटियरात यावल सावदे तालुक्याचा पोटविभाग म्हणून येते. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा ते पूर्व खान्देशात गेले आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर जळगाव जिल्ह्यात राहिले. म्हणजे गाव एकच. कागदावरचे पत्ते मात्र वेगवेगळे. जुना कागद शोधताना त्या काळचा पत्ता ठाऊक हवा.

तहसिलात काय मागावे?

धुळ्याहून अमळनेर, चोपडामार्गे यावल गाठता येते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात प्रथम कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहावे. गावातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. दुसरा महत्त्वाचा कागद फेरफाराचा, म्हणजे गाव नमुना ६. खातेदाराच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत पुढची अख्खी पिढी एका जागी सापडते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींचीही नावे दिसू लागतात. पुढे हक्कसोड झाली असली, तरी नाव राहते. भाटाच्या वहीत नसलेली आत्या येथे भेटते ती अशी. प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर हा तिसरा आधार.

शेत शोधताना एक अडचण हमखास येते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे क्रमांकांचे गट क्रमांक झाले. त्यामुळे आजोबांच्या कागदावरील क्रमांक आजच्या सातबाऱ्यावर जुळत नाही. दोन्ही क्रमांकांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून घालून घ्यावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक नोंदी मोडी लिपीत आहेत, तेव्हा जाणकाराची सोबत आधीच ठरवावी. दिवाळीत कचेऱ्या बंद असतात, म्हणून सुटीच्या आधीचे कामाचे दिवस निवडणे श्रेयस्कर. राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने उतारे पाहता येतात. निघण्यापूर्वी तेथे नजर टाकल्यास एखादी फेरी वाचू शकते.

कागदाचा अर्थ डोंगरात

यावलच्या पश्चिमेस आडगावजवळ, सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीचे स्थान आहे. खान्देशातील अनेक घराण्यांची ही कुलदेवता. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि पावसाळ्यात मंदिरासमोर कोसळणारा धबधबा. नवरात्रातील गर्दी ओसरल्यावर येथे पायी जावे. चालताना पायाखालची जमीन पाहावी. डोंगरातून धावत आलेले नाले पायथ्याच्या दगडगोट्यांत शिरतात आणि दिसेनासे होतात. भूजलतज्ज्ञ या पट्ट्याला 'बझाडा' म्हणतात. येथे मुरलेले पाणी खाली यावल-रावेरच्या विहिरींना मिळते आणि त्याच पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या. 'विहीर' ही फेरफारावरील एका शब्दाची नोंद. ती पणजोबांच्या दृष्टीने केवढी मोठी होती, ते येथे कळते. उपशामुळे हे भूजल आता खोल चालले आहे. पुढची पिढी गावात राहील की नाही, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

अधिक चालायचे असल्यास यावल अभयारण्य आहे. १९६९ मध्ये घोषित झालेले हे सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे पानगळीचे जंगल मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडते. वन विभागाची परवानगी, स्थानिक वाटाड्या आणि अंधारापूर्वी परत फिरणे, हे तीन नियम कटाक्षाने पाळावेत. पायथ्याच्या वस्त्यांमधून पावरा, तडवी बांधव राहतात. येथे वंशावळ हा हौसेचा विषय उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचे लिहून घेतलेले कथन आणि जुन्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ, दोन्ही पुरावा म्हणून मान्य आहेत. वृद्धाने सांगितलेले वेळीच लिहिले गेले नाही, तर कुटुंबाच्या दाव्याचा एक आधारच नाहीसा होतो.

परतीच्या वाटेवर जळगावजवळचे आसोदे लागते. बहिणाबाई चौधरी यांचे हे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ओव्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध होऊ शकली. तोवर बहिणाबाई हयात नव्हत्या. प्रत्येक घरात कवयित्री नसते, पण सांगण्यासारखे खूप काही जवळ असलेली आजी बहुतेक घरांत असते. कचेरीतला कागद पुढच्या वर्षीही मिळेल. आजीचे बोलणे मात्र याच दिवाळीत, वहीत गाव आणि साल घालून, लिहून घ्यावे.