चिकाच्या दुधातला रेणू

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईला येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. बाळाला ते पचायचं नाही म्हणून पिळून टाकणारी घरं अजूनही आहेत, आणि ते ऐकलं की जीव हळहळतो. त्या दुधात स्रावी आयजीए हे प्रतिपिंड गच्च भरलेलं असतं, आणि बाळाच्या कोवळ्या आतड्याची राखण तेच करतं. मोठ्या माणसाचं शरीरही रोज काही ग्रॅम आयजीए बनवतं. बाकी सगळी प्रतिपिंडं मिळूनही एवढी होत नाहीत.

पण प्रतिपिंड म्हणजे प्रथिनच, आणि प्रथिन पोटात गेलं की पचतं. मग हे आतड्यात टिकतं कसं?

आयजीएचा सुटा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. माणसाच्या रक्तात तो बहुतेक सुटाच फिरतो. आतड्याच्या अस्तराखालच्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मात्र असे दोन वाय बुडाला बूड लावून जोडतात. बुडाशी अठरा अमिनो आम्लांची जादा शेपटी असते आणि तिच्यात शेवटून दुसरं असतं सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल. दोन्हीकडच्या एकेका शेपटीतल्या गंधकाशी बंध बांधून ‘जे साखळी’ नावाचं छोटं प्रथिन मध्ये बसतं. १९७० मध्ये हॅल्पर्न आणि मॅरियन कॉशलंड यांनी ते ओळखलं.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. अस्तराच्या पेशींच्या तळाशी एक ग्राही प्रथिन असतं. जे साखळी असेल तरच ते ही जोडी धरतं. पेशी दोघांना पुटिकेत घेऊन आरपार नेते. पलीकडच्या काठावर एक विकर ग्राहीला कापतं, आणि कापलेला तुकडा आयजीएला चिकटूनच बाहेर पडतो. म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडीमागे एक ग्राही कायमचा खर्ची पडतो! हा खर्च वाया जात नाही. तोच तुकडा पुढे आयजीएला पाचक विकरांपासून वाचवतो. टोमासी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये शरीराबाहेर पडणाऱ्या स्रावांतल्या आयजीएवर तो जादा तुकडा दाखवून दिला होता. तो नेमका कसा बसतो, हे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २०२० मध्ये स्पष्ट दिसलं: दोन वाय सरळ रेषेत नाहीत, वाकलेले आहेत, आणि तुकडा त्यांच्या एकाच अंगाला बिलगलेला आहे.

जोडीला पकडीच्या जागा चार. त्यामुळे जंतू एकमेकांत गुंततात, श्लेष्मात अडकतात आणि मळाबरोबर निघून जातात. सूज नाही, दाह नाही. अन्न आणि उपयोगी जिवाणू सतत ज्या आतड्यात असतात, तिथे हा संयम फार मोलाचा आहे.

आतड्यातल्या या आयजीएचं मोल पोलिओच्या लशींतही दिसतं. टोचलेल्या पोलिओ लशीने रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि लकवा टळतो. पण आतड्यात वाढणाऱ्या विषाणूला तोंडावाटे दिलेले थेंब जास्त चांगले अडवतात, कारण ते आतड्यातच आयजीए तयार करवतात. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर एकही आढळला नाही, ते घरोघरी वर्षानुवर्षं पाजलेल्या याच थेंबांमुळे.