शिवनेरी ज्वालामुखी नव्हता

जुन्नरला सहलीला आलेली पोरं शिवनेरीकडे बोट दाखवून "हा जुना ज्वालामुखी" असं हमखास म्हणतात. कधी कधी सोबतचे सरही. खडक ज्वालामुखीचा, हे खरं. डोंगर नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वर आला आणि दूरवर पसरला. एक थर थिजला, की पुढे कधीतरी त्यावर दुसरा. असं पठार रचलं गेलं. मग पावसानं आणि नद्यांनी ते कोरून काढलं. शिवनेरी, हडसर, चावंड ही त्यातली शिल्लक. मुखाभोवती साचलेला शंकू असता, तर थर बाहेरच्या बाजूला उतरते असते. इथे ते जवळजवळ आडवे आहेत, हे पायथ्याशी उभं राहूनही दिसतं. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या खडकातली भोकं लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. पुढे पाण्यातून त्यांत पांढरी खनिजं भरली.

काळ्या पाषाणाचा डोंगर ढासळत नाही, हा समज जिवावर बेततो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळली, सुमारे दीडशे माणसं गेली. खाली आला तो मुख्यतः उतारावरचा माती-मुरमाचा थर, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. मुसळधार पावसाचं पाणी त्यात मुरलं, वजन वाढलं, कणांची पकड सुटली.

आणखी एक समज बोरी बुद्रुक गावाचा. तिथे कुकडी नदीच्या काठी गाळात ज्वालामुखीची राख सापडते. ती आपल्याच सह्याद्रीची असणार, असं वाटणं साहजिक. पण आपला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजला, नदीचा हा गाळ त्या मानानं कालचा. शिवाय या राखेत सिलिका भरपूर, आपल्या काळ्या खडकात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ती खडकाच्या वजनाच्या जेमतेम निम्मी. अभ्यासक ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात: तीन हजार किलोमीटरहून लांबची. कोणत्या उद्रेकाची, यावर मात्र वाद आहे. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. काहींच्या मते बोरीची राख त्याहून कितीतरी जुनी. हा वाद नुसत्या राखेचा नाही. तिथेच आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, आणि त्यांचं वय या राखेवरून ठरवायचं आहे.